हात आधीच शिकलेले असतात

काचेची एक स्वच्छ, कोरडी परीक्षानळी घ्यायची. साप चावलेल्या माणसाच्या शिरेतलं दोन मिलिलिटर रक्त तिच्यात सोडायचं, नळी स्टँडमध्ये उभी करायची आणि २० मिनिटं तिला हात लावायचा नाही. मध्येच हलवून बघायचं नाही. २० मिनिटं भरली की एकदाच, हलकेच कलती करायची. आत गुठळी बसली असेल तर रक्त जागेवर राहतं. ते पाण्यासारखं ओघळलं, तर अंगात घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं समजून प्रतिविष सुरू करायचं. वीज नको, यंत्र नको. एक नळी आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढ्यावर माणसाचा जीव वाचवणारा निर्णय घेता येतो.

शिराळ्याच्या माणसाला या नळीचं मोल समजावून सांगावं लागत नाही. मोरणेकाठच्या या गावाला, 'बत्तीस शिराळ्या'ला, महाराष्ट्र ओळखतो ते नागपंचमीमुळे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि नंतरचे उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या, तरी सापाशी असलेलं नातं तुटलेलं नाही. तालुक्याच्या पश्चिमेला चांदोलीचं जंगल, वारणेच्या खोऱ्यात भाताची खाचरं, खाली उतरावं तसे उसाचे फड. या सगळ्यांत साप शेजारी म्हणूनच राहतो. देशात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं मरतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अभ्यास सांगतो. त्यातली बहुतेक खेड्यातली आणि शेतात राबणारी.

आता त्या नळीच्या पोटात काय चालतं ते बघा. रक्त गोठणं ही एका कडीनं दुसरी कडी ओढावी अशी साखळी असते. घोणशीचं विष ही साखळी मध्येच पकडतं आणि ओढत सुटतं. अंगभर इतकी गोठण्याची क्रिया सुरू होते की त्यासाठी लागणारं सामानच संपतं. मग हिरडीतून रक्त येतं, लघवीतून येतं, सुईच्या टोच्यातूनही थांबत नाही. रक्त गोठवणाऱ्या विषानंच रक्त गोठेनासं होतं! नळी काचेचीच का हवी, यालाही कारण आहे. काचेला टेकलं की रक्ताची साखळी आपोआप चालू होते. प्लॅस्टिकच्या नळीत ती नीट चालू होत नाही. साबणानं धुतलेली नळीसुद्धा फसवते.

रुग्णालयात ही नळी बहुधा सिस्टर भरते. पंधरा वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरनं किती जणांचं रक्त काढलं असेल, याचा हिशेब तिच्याकडेही नसतो. अंधाऱ्या वॉर्डात, रडणाऱ्या पोराची बारीक शीर तिचं बोट चाचपून शोधतं. हात शिकलेले असतात. मग त्या सिस्टरला नव्यानं शिकायचं काय उरतं?

उरतं ते असं. नळीतलं रक्त गोठलं म्हणजे माणूस सुटला, असं नाही. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं, रक्ताला ते तसं छळत नाही. नळी छान गोठलेली दिसते आणि त्याच वेळी रुग्णाच्या पापण्या जड होऊन खाली उतरत असतात. थोड्या वेळानं श्वासाचे स्नायू थकतात. म्हणजे नळी काय सांगते ते जितकं कळायला हवं, तितकंच ती काय सांगू शकत नाही तेही कळायला हवं. आणखी एक गंमत ऐका. लहान मुलाला औषध वजनावर मोजून द्यायचं, ही सवय सिस्टरच्या हाडीमासी रुजलेली असते. सर्पविषाच्या प्रतिविषाला तो नियम लागू नाही. दहा किलोच्या बाळाला आणि सत्तर किलोच्या बापाला सुरुवातीचा डोस सारखाच द्यायचा. कारण डोस रुग्णाच्या वजनाशी जुळवायचा नसतो, विषाशी जुळवायचा असतो आणि साप माणूस बघून विष कमी सोडत नाही.

एका पेशात हात तयार झाल्यावर माणूस दुसऱ्यांदा शिकायला बसतो, तेव्हा त्याला नेमकं हे मिळतं: जुन्या कौशल्यामागचं कारण आणि त्या कौशल्याची हद्द. आरोग्याच्या एका क्षेत्रातून दुसऱ्यात, डॉक्टर आणि रुग्ण यांच्या मधल्या पायरीवर जाण्याची ही वाट जगात कशी तयार झाली, ती कहाणी विलक्षण आहे. तिचं एक टोक अमेरिकेत आहे, दुसरं मिरजेत आणि तिसरं आपल्या उपकेंद्राच्या ओट्यावर.

चार खलाशी आणि एक रिकामी जागा

अमेरिकेत 'फिजिशियन असिस्टंट' नावाचा पेशा आहे. हा माणूस डॉक्टर नसतो, पण रुग्णाला तपासतो, निदान करतो, औषध लिहून देतो, शस्त्रक्रियेत सर्जनच्या हाताशी उभा राहतो. आज तिथं असे पावणेदोन लाखांहून जास्त लोक काम करतात. आणि हा पेशा साठ वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हता.

नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या गार्लंड या छोट्या गावात डॉ. एमॉस जॉन्सन यांचा दवाखाना होता. त्यांच्याकडे हेन्री ली ट्रेडवेल नावाचा कृष्णवर्णीय मदतनीस होता. वैद्यकीय पदवी नाही, पण डॉक्टरांच्या हाताखाली तो इतका तयार झाला की डॉक्टर बाहेरगावी गेले तरी दवाखाना अडून राहत नसे. आपल्याकडच्या जुन्या कंपाउंडरची आठवण व्हावी असा माणूस. त्याच राज्यातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड वैद्यकशास्त्राचे प्रमुख होते. ट्रेडवेलचं उदाहरण त्यांच्या समोर होतं. असा माणूस योगायोगानं घडतो, तर तो शिकवून का घडवता येऊ नये, हा प्रश्न त्यांना पडला.

स्टेड यांचा पहिला प्रयत्न परिचारिकांसाठी होता. थेल्मा इंगल्स या परिचर्येच्या प्राध्यापिकेसोबत त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस परिचारिकांना पुढचं रुग्णोपचाराचं शिक्षण देणारा वर्ग चालवला. परिचर्याशिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेनं त्याला मान्यता दिली नाही. तेव्हा स्टेड वळले नौदलातून परतलेल्या वैद्यकीय शिपायांकडे. युद्धनौकेवर जखमा शिवलेली, रक्तस्राव थांबवलेली ही मुलं घरी आली की त्यांच्या हातातल्या विद्येला गावात विचारणारं कुणी नव्हतं. ऑक्टोबर १९६५ मध्ये अशा चार जणांना घेऊन जगातला पहिला वर्ग सुरू झाला. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यातले तिघं उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. एवढ्याशा तिघांतून पुढचा सगळा पेशा वाढला. परिचारिकांची वाटही बंद पडली नाही. त्याच १९६५ साली कोलोरॅडोमध्ये लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी 'नर्स प्रॅक्टिशनर'चा अभ्यासक्रम उभा केला.

या जन्मकथेमुळे त्या पेशाच्या प्रवेशाला एक खास वळण पडलं, ते आजही टिकून आहे. तिथं अर्ज करताना केवळ गुणपत्रिका पुरत नाही. उमेदवारानं रुग्णांच्या सान्निध्यात आधी किती तास काम केलंय, हे विचारलं जातं. कुणी रुग्णवाहिकेवर काम केलेलं असतं, कुणी श्वसनोपचाराचं यंत्र चालवलेलं असतं, कुणी फिजिओथेरपीच्या खोलीत मोडलेल्या गुडघ्यांना चालायला शिकवलेलं असतं. देशभरातले बहुतेक अभ्यासक्रम 'कॅस्पा' या एकाच सामायिक अर्जातून प्रवेश देतात. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन, संख्याशास्त्र असे विषय आधी केलेले दाखवावे लागतात, शिफारसपत्रं जोडावी लागतात आणि जास्तीत जास्त ५,००० अक्षरांत एका प्रश्नाचं उत्तर लिहावं लागतं: तुम्हाला हे का व्हायचंय?

हे उत्तर लिहिताना कसलेले लोकही अडखळतात. 'मला रुग्णसेवेची आवड आहे' एवढं लिहून चालत नाही, कारण सिस्टर राहूनही रुग्णसेवा होतेच. आपल्या आधीच्या पेशात आपण कुठल्या जागी अडलो आणि पलीकडचं काय दिसत होतं, ते सांगावं लागतं. प्रवेश मिळाला की साधारण सव्वादोन वर्षांचं शिक्षण असतं. पहिला भाग वर्गातला. दुसरा भाग वॉर्डातला, जिथं मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, आकस्मिक उपचार, मनोविकार असे विभाग पालथे घालायचे. शेवटी ३०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा. आपल्या भागातून परदेशात गेलेल्या कुटुंबांतल्या परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट मुली या वाटेचा विचार करतात, तेव्हा त्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. भारतातल्या गुणपत्रिकांचं तिथल्या पद्धतीनं मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि अनेक संस्था काही विषय अमेरिकेतल्याच महाविद्यालयात केलेले असावेत असा आग्रह धरतात. अनुभवाचे तास मात्र घामानं कमावलेले असतात, ते बहुधा पुन्हा कमवावे लागत नाहीत.

मिरजेची शाळा आणि बंद झालेलं दार

ही सगळी अमेरिकेची कथा झाली, असं वाटत असेल तर शिराळ्याहून सांगलीमार्गे मिरजेला चला. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारलं. १८९७ साली, म्हणजे ड्यूकच्या त्या वर्गाच्या ६८ वर्षं आधी, त्यांनी तिथंच वैद्यकीय शाळा काढली. परिसरातल्या हजारो खेड्यांना एक सर्जन कधीच पुरा पडणार नाही, तेव्हा इथल्याच तरुणांना शिकवून हाताशी घ्यायला हवं, हे त्यांना दिसलं होतं. आपल्याच जिल्ह्यात, रेल्वेच्या त्या गावात, मधल्या पायरीचा विचार सव्वाशे वर्षांपूर्वी रुजला होता, हे कळलं की अंगावर काटा येतो.

त्या काळी पदवीधर डॉक्टरांच्या खालोखाल 'लायसेन्शिएट' नावाचा मोठा वर्ग होता. पूर्ण पदवी नसलेले, कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून परवाना मिळवलेले हे डॉक्टर तालुक्यांत, संस्थानांत, बाजारगावांत पसरले होते. पुण्याची बी. जे. मेडिकल स्कूल अशांनाच घडवत होती. तिचं महाविद्यालय झालं ते १९४६ साली. त्याच वर्षी सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. देशात तेव्हा सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांतले जवळपास ३०,००० लायसेन्शिएट होते. समितीतल्या बहुमतानं ठरवलं की यापुढे एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर घडवायचा. सहा सदस्यांनी याला लेखी विरोध नोंदवला. स्वतंत्र भारताच्या रुग्णाला दुय्यम दर्जाची सेवा का मिळावी, हा बहुमताचा विचार उदात्त होता. पण लायसेन्शिएटची शाळा बंद झाली आणि तिची जागा घ्यायला नवा डॉक्टर खेड्यात पुरेसा पोचला नाही. मधली पायरीच काढून घेतली गेली.

त्या रिकाम्या जागेत महाराष्ट्रानं जे प्रयोग केले, ते जग अजून अभ्यासतं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. बाळाचा न्युमोनिया ओळखायचा तर श्वास मोजावे लागतात: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचे ५० किंवा जास्त असतील तर धोका. पण ज्या सुईणीला शंभरपर्यंत आकडे येत नाहीत तिनं मोजायचं कसं? त्यांनी एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या ओळी असलेला श्वासमापक बनवला. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर बाळ आजारी. सुईणीच्या बोटांना पिढ्यान्‌पिढ्या बाळ हाताळायची सवय होती. तिला फक्त मोजायचं साधन हवं होतं. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, गरज पडली तेव्हा जंतुसंसर्गावर इंजेक्शनही दिलं. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आज देशभरातल्या आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटीला जातात, त्यामागे ही गावं आहेत.

सीएचओ मॅडमचा अर्ज

बंद झालेलं दार सरकारनं पुन्हा किलकिलं केलं ते अलीकडे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात मधल्या पायरीवरच्या सेवकाचा विचार आला. २०१८ च्या अर्थसंकल्पात देशभर दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रं उभी करायची घोषणा झाली आणि १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यातल्या जांगला इथं पहिलं केंद्र सुरू झालं. या केंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. गावातली माणसं अजून 'उपकेंद्र'च म्हणतात, आणि तिथं बसणाऱ्या नव्या व्यक्तीला 'सीएचओ मॅडम' किंवा 'सीएचओ सर'. समुदाय आरोग्य अधिकारी हे सरकारी नाव कागदावरच राहतं.

या पदासाठी दार उघडलं ते इतर क्षेत्रांतल्या माणसांना. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलींनी अर्ज केले, तसे आयुर्वेद आणि युनानी पदवीधरांनीही. निवड झाली की सहा महिन्यांचं प्रशिक्षण. सुरुवातीच्या तुकड्यांना ते इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाकडून मिळालं, पुढे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून. दिवसभर जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फिरायचं, संध्याकाळी पुस्तकं उघडायची, शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची. आता तर बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच हा भाग मिसळून घेतला आहे. नोकरी राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालची, कंत्राटी. मानधनाचा एक भाग ठरलेला आणि एक भाग कामावर अवलंबून.

एकाच वर्गात सिस्टर आणि वैद्य शेजारी बसतात, हे चित्र मला फार भावतं. दोघांचे हात वेगवेगळं शिकलेले असतात. सिस्टरनं रात्रपाळीत रुग्णाचा चेहरा बघून 'याचं काहीतरी बिनसतंय' हे डॉक्टर यायच्या आधी ओळखलेलं असतं. नाडी, ताप, श्वास, लघवीचं प्रमाण या नोंदी तिच्या रक्तात असतात. पण आतापर्यंत ती डॉक्टरांनी लिहिलेल्या ऑर्डरवर चाललेली असते. स्वतः ठरवायची सवय तिला लावून घ्यावी लागते. वैद्याचं उलटं असतं. त्याला रुग्णाशी बोलायची, आहार-झोप-पोट यांची विचारपूस करायची, स्वतः निदान करायची सवय असते. त्याला अंगवळणी पाडावी लागते ती लिहून ठेवलेल्या मार्गदर्शक सूचनांच्या चौकटीत राहायची शिस्त. एकाला धीट व्हायचं असतं, दुसऱ्याला आवरायचं असतं. सहा महिन्यांनंतर दोघं एकाच खुर्चीवर बसायला तयार होतात.

ती खुर्ची कशी असते ते एकदा बघाच. सपाट भागात साधारण ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा नियम आहे. सोबत एएनएम सिस्टर, आरोग्यसेवक आणि गावोगावच्या आशाताई. गरोदर बाईपासून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यापर्यंत १२ प्रकारच्या सेवा इथून द्यायच्या असतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई भरतात: तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. गुणांची बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी बोलवायचं. ज्यांना वाटतं आपल्याला काहीच झालेलं नाही, त्यांच्यात दडलेला रक्तदाब असा सापडतो. तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर हेरायची तपासणीही इथूनच सुरू होते. बीपी-शुगरची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर सुरू करून देतात आणि पुढच्या महिन्यांच्या गोळ्या गावातच मिळतात. उसाच्या फडावरचा खाडा वाचतो, एसटीचं भाडं वाचतं, आणि गोळी चुकत नाही, हे सगळ्यात मोठं. अडलं तर ई-संजीवनी या ऑनलाइन सल्लासेवेवरून लांबच्या डॉक्टरांसमोर रुग्णाला बसवता येतं.

आणि साप चावलेला माणूस आला तर? सीएचओ मॅडमनं तिथं काचनळी घेऊन २० मिनिटं थांबायचं नसतं. ती नळी जिथं प्रतिविष आहे आणि ते दिल्यावर उठणारी रिॲक्शन सांभाळायची सोय आहे, तिथल्यासाठी. उपकेंद्रात काम वेगळं. रुग्णाला धीर द्यायचा, चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर करायचा, अंगठी-बांगडी-पैंजण काढायचं, करकचून बांधलेली दोरी असेल तर इतक्या घाईनं सोडायची नाही की विष एकदम पसरेल, ब्लेडनं कापू द्यायचं नाही, मंत्र घालायला वेळ दवडू द्यायचा नाही, १०८ बोलवायची आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करून ठेवायचा. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशाविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं त्याचं उद्दिष्ट आहे. ते गाठायचं असेल तर पहिला अर्धा तास कुणाच्या हातात जातो, यावर बरंच काही ठरणार आहे.

हद्द कळणं

या मधल्या पायरीला विरोधही झाला आणि तो समजून घ्यायला हवा. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात अशा सेवकांना मर्यादित परवाना देण्याचं कलम आलं तेव्हा देशभरातले डॉक्टर रस्त्यावर उतरले. महाराष्ट्रात २०१४ च्या कायदादुरुस्तीनं होमिओपॅथांना एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून ठराविक ॲलोपॅथिक औषधं देण्याची वाट उघडली, तिच्यावरूनही वाद पेटत राहिला. अर्धं शिकलेला माणूस पूर्ण डॉक्टर असल्यासारखा वागला तर रुग्णाचं काय, ही डॉक्टरांची भीती खरी आहे. सर्पदंशाचंच बघा. गोठलेली नळी बघून निर्धास्त झालेला माणूस मण्यारीनं चावलेल्या रुग्णाला घरी पाठवेल आणि तो रुग्ण पहाटे दगावेल.

म्हणूनच या शिक्षणाचा कस किती औषधं पाठ झाली यावर लागत नाही. 'इथं माझं काम संपलं, पुढं पाठवायला हवं' हे कुठल्या क्षणी उमगतं, यावर लागतो. अमेरिकेतल्या त्या पेशाची सगळी इमारत डॉक्टरांशी असलेल्या नात्यावर उभी राहिली, ती याचसाठी. आपल्याकडेही मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ साली फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून हा माणूस डॉक्टरांच्या चमूचा भाग म्हणून घडतो. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्यानं त्याला पेशा म्हणून नाव दिलं. मात्र शिराळ्यातल्या पालकांनी आणि मुलांनी हे ध्यानात ठेवावं की भारतातला हा साधारण चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम बारावी सायन्सनंतरचा आहे. नर्सिंग झालेल्या मुलीला त्यात वर्षं वाचत नाहीत. तिच्या अनुभवाला किंमत देणारी एक वाट सीएचओची आहे.

एखादी सिस्टर, एखादा वैद्य, एखादी फिजिओथेरपिस्ट हे वाचत असेल आणि अर्ज करावा की नाही या विचारात असेल, तर तिला एक विनंती आहे. आजपासून एक साधी वही करा. किती रुग्ण बघितले ते लिहू नका, ते रजिस्टरमध्ये असतंच. ज्या ज्या वेळी तुमचा हात पुढं जात होता आणि मन म्हणालं 'थांब, हे असं का?', तेवढेच प्रसंग लिहा. रुग्णाचं नाव-गाव नको, फक्त काय दिसलं, काय कळलं नाही आणि नंतर काय समजलं. नाशिकचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असो किंवा सातासमुद्रापलीकडचा ५,००० अक्षरांचा अर्ज, तुम्हाला हे का व्हायचंय या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत आधीच लिहिलेलं असेल.

आणि आपण बाकीच्यांनी, ज्यांना अर्ज करायचा नाही, या आठवड्यात गावातल्या उपकेंद्राचा ओटा चढावा. वय तिशीच्या पुढं असेल तर बीपी मोजून घ्यावा, शुगर तपासून घ्यावी. समोर बसलेल्या मॅडमचे हात आधी कुठं शिकले, तेही आवर्जून विचारावं.